अ‍ॅपची उधळपट्टी, फोनच्या माथी

फोन हँग झाला की माणूस फोनलाच दोष देतो. चार वर्षं झाली, आता काय राहिलंय त्यात, असं म्हणत नव्या फोनच्या हप्त्याची चौकशी करायला निघतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरात ही चौकशी बहुधा पैठण गेटला होते. दुकानदार फोन हातात घेतो, दोन-चार ठिकाणी बोट फिरवतो आणि सांगतो, "रॅम कमी पडतेय, भाऊ. आठ जीबीचा घ्या." निदान बरोबर असतं. पण ती कमी का पडते, हे विचारायचं राहून जातं.

मी फोटोची अ‍ॅप लिहिते. सिडकोत छोटं ऑफिस आहे, चार-पाच मुलं-मुली आहेत आणि गिऱ्हाईक म्हणजे सिल्लोड, कन्नड, गंगापूरकडचे लग्नाचे फोटोग्राफर. स्टेजवरचा फोटो तिथल्या तिथे उजळायचा, शालूचा रंग खुलवायचा, हळदीच्या फोटोतला भडक पिवळा जरा आवरायचा आणि पंगत उठायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, एवढंच काम. त्यामुळे आमच्या धंद्यात काय चालतं ते मला आतून ठाऊक आहे, आणि माझं म्हणणं सरळ आहे: फोटोला फिल्टर लावताना जो फोन गचके खातो, त्यात पुष्कळदा फोनचा काही दोष नसतो. अ‍ॅप लिहिणाऱ्याने हिशेब केलेला नसतो.

हिशेब अवघड नाही, पाचवीच्या गुणाकाराचा आहे. गॅलरीत एखाद्या फोटोची माहिती उघडली तर 'चार एमबी' असं काहीतरी दिसतं. हा आकडा दाबून ठेवलेल्या फाइलचा. तो फोटो पडद्यावर आणायचा, त्याच्यावर काही करायचं, तर तो पूर्ण उलगडावा लागतो, आणि उलगडलेल्या फोटोतला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, चार बाइट जागा घेतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा, म्हणजे एक कोटी वीस लाख. गुणिले चार. ४८ एमबी! चारचे अठ्ठेचाळीस झाले. आता स्वस्त फोनवरही ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा असल्याचं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्या पूर्ण आकाराचा एकच फोटो उलगडला तर २०० एमबी लागतात. १०८ मेगापिक्सेलचा असेल तर ४३२. (इथे मेमरी म्हणजे फोटो साठवायची जागा नव्हे, चालू कामाची जागा, म्हणजे रॅम. फोन हँग होतो म्हणून लोक पोरांच्या वाढदिवसाचे फोटो उडवत बसतात. त्याने रॅम मोकळी होत नाही.)

इथवर सगळं कॅमेऱ्याच्या खात्यावर गेलं. अ‍ॅपचे प्रताप पुढे सुरू होतात. फिल्टर लावायचा म्हणून अ‍ॅप मूळ फोटो तसाच ठेवतं, त्याची एक प्रत काढतं, त्या प्रतीवर काम करताना आणखी एक कच्ची प्रत घेतं. तीन प्रती झाल्या, १२ मेगापिक्सेललाच १४४ एमबी. मग 'मागे जा'ची सोय हवी, म्हणून प्रत्येक पायरीला अख्खा फोटो बाजूला ठेवला जातो. दहा पायऱ्या म्हणजे ४८० एमबी. खाली फिल्टरच्या चौकटींची रांग असते ना, नखाएवढ्या वीस चित्रांची? त्यातलं प्रत्येक चित्र पूर्ण आकाराच्या फोटोवर फिल्टर लावून मग लहान केलेलं मी पाहिलं आहे. दीडशे गुणिले दीडशे ठिपक्यांच्या चौकटीला ९० केबी पुरतात. तिथे ४८ एमबीचं काम वीस वेळा करायचं, याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

यात एक गंमत अशी की गुन्हा एक करतो आणि मरतो दुसराच. पूर्वी अँड्रॉइडमध्ये उलगडलेल्या फोटोची जागा त्या अ‍ॅपला ठरवून दिलेल्या कोट्यातून जायची. कोटा संपला की अ‍ॅप धाडकन बंद, आणि कोणाचं चुकलं ते सगळ्यांना कळायचं. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून फोटोचे ठिपके त्या कोट्याबाहेर, फोनच्या सामाईक जागेत जाऊ लागले. अ‍ॅप पटकन मरत नाही हा फायदा झाला. पण जागा संपत आली की अँड्रॉइड पडद्यामागे असलेली अ‍ॅप आधी मारतं. तुम्ही फोटो सजवत बसता, तिकडे चालू गाणं थांबतं, अर्धवट भरलेला फॉर्म पुन्हा कोरा उघडतो, नकाशा पहिल्यापासून सुरू होतो. फोटोचं अ‍ॅप साळसूदपणे चालूच असतं. आपण म्हणतो, फोन म्हातारा झाला.

मग करायचं काय? जे करायचं ते माझ्या वडिलांना, तात्यांना, संगणकाचं तोंडही न पाहता माहीत होतं. औरंगपुऱ्यात त्यांचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, मुंजीचे फोटो, शाळेचे गटाचे फोटो. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली एन्लार्जरवर मोठा फोटो काढायचा तर किती सेकंद उजेड द्यायचा हे आधी ठरवावं लागे. ब्रोमाइडचा कागद महाग. त्यावर अंदाजपंचे प्रयोग करायचे तर महिनाअखेरीला पुरवठादाराला काय सांगणार? म्हणून तात्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापत, ती चेहऱ्याच्या जागी ठेवत आणि पुठ्ठा थोडा थोडा सरकवत तिच्यावर वेगवेगळे सेकंद देत. डेव्हलपरमध्ये पट्टी बुडवली की कुठला टप्पा बरोबर ते दिसे. मग एकदाच, पूर्ण कागद. या पट्टीला सगळे फोटोग्राफर टेस्ट स्ट्रिप म्हणत. चोखंदळ गिऱ्हाईक आलं तर दुसरी पट्टी कापली जाई, दुसरा कागद नाही.

फिल्टरचं अ‍ॅप असंच लिहायचं असतं. साध्या फोनचा पडदा ७२० ठिपके रुंद असतो. त्यावर उभा फोटो दाखवायला ७२० गुणिले ९६० ठिपके लागतात, म्हणजे तीन एमबीसुद्धा नाहीत. माणूस फिल्टर निवडत असतो, पट्टी डावी-उजवीकडे ओढून उजेड कमी-जास्त करत असतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांना एवढेच ठिपके दिसतात. उरलेले एक कोटी तेरा लाख ठिपके त्या वेळी कशाला हवेत? जेपीईजी फाइलची रचनाच अशी आहे की तिच्यात चित्र आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या ठोकळ्यांनी साठवलेलं असतं, आणि त्यामुळे ती उलगडतानाच निम्म्या, पाव किंवा एक अष्टमांश मापात उलगडता येते. आधी मोठा करून मग लहान करायची गरज नसते. पाव मापात उलगडलं की रुंदी पाव, उंची पाव, जागा सोळावा हिस्सा. ४८ एमबीचे तीन झाले. अँड्रॉइडमध्ये यासाठी एक ओळ लिहावी लागते. एकच.

राहिला शेवटचा, साठवायचा मोठा फोटो. तोही अख्खा उलगडावा लागत नाही. ४००० ठिपके रुंदीचा फोटो २५६ ओळींच्या पट्ट्यांनी घेतला तर एक पट्टी चार एमबीची होते. पट्टी उलगडायची, फिल्टर लावायचा, फाइलमध्ये लिहून टाकायची, त्याच जागेत पुढची पट्टी आणायची. रंगाच्या फिल्टरला शेजारच्या ठिपक्याशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे दुसरी प्रतही लागत नाही, आहे तिथेच रंग बदलता येतो. धूसर करण्याच्या फिल्टरला शेजारी लागतात. तिथे पट्टीच्या वर-खाली थोड्या ओळी जास्त घ्यायच्या, नाहीतर सांध्यावर रेघ दिसते. (ही रेघ नवरीच्या कपाळावर आली तर फोटोग्राफर तुम्हाला कोणत्या भाषेत फोन करतो, ते अनुभवण्यासारखं आहे.) 'मागे जा'साठी फोटोंच्या प्रती ठेवायच्याच नाहीत. 'उजेड थोडा वाढवला, मग लाल कमी केला' एवढी यादी ठेवायची. मागे जायचं असेल तर शेवटची ओळ खोडून यादी त्या तीन एमबीच्या चित्रावर पुन्हा चालवायची, डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. रंगाचे तीन फिल्टर एकावर एक असतील तर फोटो तीनदा फिरवायचीही गरज नाही. 'आधी हा रंग, नंतर तो रंग' असा तिन्हींचा मिळून एकच तक्ता आधी करून ठेवता येतो. ६४ गुणिले ६४ गुणिले ६४ रंगांचा तक्ता एक एमबीत बसतो आणि फोटो १२ मेगापिक्सेलचा असो की १०८ चा, तक्ता तेवढाच राहतो.

काटकसरीची एक वाट मात्र मला मान्य नाही. ठिपक्याला चारऐवजी दोन बाइट देऊन निम्मी जागा वाचवता येते, आणि बरेच जण तसं करतात. पण त्यात रंगांच्या छटा कमी होतात. संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसतात, गालावर डाग पडल्यासारखे दिसतात. भाजीच्या जाहिरातीला चालेल. ज्या फोटोची लोक आयुष्यभर फ्रेम लावतात, तिथे नको.

यातलं काहीही माझा शोध नाही, आणि हे सगळं जुनं आहे. इन्स्टाग्राम २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आलं तेव्हा त्याचे फोटो ६१२ गुणिले ६१२ चे चौकोनी होते. उलगडून दीड एमबी. त्या वर्षीच्या आयफोन ४ मध्ये सगळी मिळून ५१२ एमबी रॅम होती. फिल्टरची ज्याने जगभर साथ पसरवली त्या अ‍ॅपचा जन्मच चिंचोळ्या जागेतला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर अंधारात उभं राहून लोक आता साध्या फोनवर बऱ्यापैकी फोटो काढतात. त्यामागे कॅमेऱ्याने एका दमात काढलेल्या अनेक फ्रेम एकत्र बसवण्याची युक्ती असते. गुगलने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या पिक्सेल फोनवर अंधारातल्या फोटोंसाठी ही सोय आणली, त्यात १५ पर्यंत फ्रेम एकावर एक बसवल्या जात. कच्च्या फ्रेमच्या ठिपक्याला दोन बाइट धरले तरी १५ फ्रेमचे ३६० एमबी होतात. आणि ज्या पिक्सेल ३ वर हे चाललं, त्यात रॅम किती होती? ४ जीबी. त्या मंडळींनी त्याआधी, २०१६ मध्ये, आपली पद्धत शोधनिबंधात मांडली होती. तिच्यात फ्रेम जुळवण्याचं काम चित्राचे छोटे तुकडे पाडून होतं. त्यांनी वापरलेली हॅलाइड ही भाषा एमआयटीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये पुढे आणली. चित्रावर काय करायचं हे एकीकडे लिहायचं आणि ते कोणत्या तुकड्यांत, कोणत्या क्रमाने करायचं हे दुसरीकडे, असा तिचा सगळा डाव. ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही ते एकेक एमबी मोजतात, आणि आपल्याकडे मात्र "चलता है".

हे सगळं नव्या मुलांना सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, आता कोण दोन-तीन जीबीचा फोन वापरतं?" त्याचं उत्तर मी तोंडी देत नाही. टेबलाच्या खणात एक जुना, काचेला तडा गेलेला २ जीबीचा फोन आहे. ऑफिसात त्याला 'आजोबा' म्हणतात. आजोबांवर चालल्याशिवाय आमचं काही बाहेर जात नाही. नवीन मुलगा पहिल्या आठवड्यात आजोबांवर वैतागतो, महिन्याभरात त्यांच्याशी बोलायला लागतो.

प्रश्नाचं खरं उत्तर मोंढ्यात, अंगणवाडीत आणि रोजगार हमीच्या कामावर आहे. महाराष्ट्रात २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करायचं आंदोलन केलं. तक्रार हीच होती की २ जीबी रॅमचे फोन तापतात, हँग होतात, काम पुढे सरकत नाही. त्याच सेविकांना २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा फोनवर टिपून ओळख पटवावी लागते. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांच्या फोटोसह हजेरी सक्तीची झाली. शेतकऱ्याने उभ्या पिकाचा फोटो काढून ई-पीक पाहणी करायची, हे २०२१ च्या खरिपापासून राज्यभर सुरू आहे. म्हणजे फोटो आता हौसेचा राहिलेला नाही. फोटो चढला नाही तर मजुरी अडते, सातबाऱ्यावर पीक लागत नाही, पोराच्या वाट्याचा आहार थांबतो. आणि फोटो घेणं, लहान करणं, त्यावर काही नोंद छापणं, पाठवणं ही सगळी कामं वर सांगितलेल्या गुणाकारातूनच जातात. नवरीचा फोटो अडला तर फोटोग्राफर आम्हाला शिव्या देतो. मजुराच्या हजेरीचा फोटो अडला तर कोणाला शिव्या द्यायच्या हेही त्याला कळत नाही.

"फोटो सर्व्हरवर पाठवा, तिथे काय ती प्रक्रिया करा," असंही सुचवलं जातं. सोयगाव तालुक्यातल्या डोंगराकडेला जाऊन हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावं. तिथे रेंज येते तेव्हा आधी चार एमबीच वर चढेनात.

"रॅम वाढतच जाणार आहे," हा दुसरा दिलासा. वाढत होती खरी. पण २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घ्यायला सुरुवात केली आणि भाव चढले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांना रॅम विकणारा आपला क्रुशल हा जवळजवळ तीस वर्षांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोठी गिऱ्हाइकं असताना किरकोळ विक्री कोण करत बसतो. स्वस्त फोनवाल्याला या रांगेत पुढचा नंबर मिळेल, असं मला तरी वाटत नाही.

आणि खोक्यावरच्या आकड्याचं काय? '८ जीबी'च्या शेजारी बारीक चांदणी असते, आणि खाली मुंगीच्या अक्षरात ४ अधिक ४. यातली दुसरी चार जीबी रॅम नसतेच. फोटो-व्हिडिओ साठवायच्या जागेतला तुकडा रॅमसारखा वापरला जातो, तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद असतो. दुकानात विचारा, "चांदणीच्या आधीची किती?" दुकानदार हसतो आणि खरं सांगतो. रॅम साफ करणारी अ‍ॅप म्हणून जी मिळतात ती तर टाकूच नयेत. ती पडद्यामागची अ‍ॅप मारतात, मग ती अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडतात, आणि बॅटरी तेवढी जास्त जाते.

अ‍ॅप उतरवताना प्ले स्टोअरवर ते किती एमबीचं आहे हे दिसतं. चालताना ते किती रॅम खाईल हे कुठेच लिहिलेलं नसतं. गुगलने २०२२ मध्ये असं जाहीर केलं की एखाद्या मॉडेलवर अ‍ॅप फार वेळा क्रॅश होत असेल, तर त्या मॉडेलच्या ग्राहकाला तशी सूचना दाखवता येईल. चांगलं पाऊल होतं, पण जागा नाही म्हणून अँड्रॉइडने स्वतः अ‍ॅप मारलं तर ते क्रॅशमध्ये मोजलं जात नाही. आपल्यामुळे शेजारची किती अ‍ॅप मेली, हे तर कुणीच मोजत नाही.

बड्या कंपन्यांवर माझा काही जोर चालत नाही. पण राज्य सरकारच्या अ‍ॅपच्या निविदा मुंबईत निघतात, त्यातल्या अटी मराठी माणसंच लिहितात. तिथे सर्व्हर किती ताकदीचा हवा, अ‍ॅपचं बोधचिन्ह कुठल्या कोपऱ्यात हवं, हे पानंच्या पानं असतं. त्यात एक अट वाढवा: २ जीबी रॅमच्या फोनवर, व्हॉट्सअ‍ॅप चालू असताना, पूर्ण आकाराचा फोटो काढून तो पाठवेपर्यंत अ‍ॅपने १०० एमबीपेक्षा जास्त जागा घेता कामा नये, आणि हे मंत्रालयातल्या सादरीकरणात नाही, एखाद्या अंगणवाडीत सेविकेच्या हातातल्या फोनवर तपासल्याशिवाय बिल निघणार नाही. शंभर हा आकडा मी सैलच धरला आहे. पट्ट्यांनी काम केलं तर फोटोच्या कामाला दहा-पंधरात भागतं, उरलेली जागा अ‍ॅपच्या इतर पसाऱ्याला.

दुसरी गोष्ट आपल्या शहरातच करता येईल. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी कितीतरी मुलं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून अ‍ॅप करतात. परीक्षक म्हणून बोलावलं की मी जाते. पोस्टर सुरेख असतं, अ‍ॅप विद्यार्थ्याच्या स्वतःच्या चांगल्या फोनवर सुरेख चालतं. मी आजोबांना पिशवीतून काढते आणि म्हणते, "याच्यावर टाका बरं." सुरुवातीला हसतात. मग लॅपटॉपला केबल लावून मेमरीचा आलेख बघत बसतात, कुठे उडी मारली ते शोधतात. एका मुलीने तिथल्या तिथे ती एक ओळ घातली आणि आलेख जमिनीवर आला. तिला मी पूर्ण गुण दिले. विभागाच्या गुणपत्रिकेत मात्र त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून ते 'सादरीकरण' या रकान्यात लिहावे लागले. तो रकाना यंदा वाढवा, असं पत्र मी विभागप्रमुखांना दिलं आहे.